साठ फूट खाली आमिष न्यायचं कसं? डाउनरिगर, त्याचा चिमटा आणि ढिलाईचं गणित

जुलैच्या मध्याला अमेरिकेतल्या लेक मिशिगन या प्रचंड तळ्याचं वरचं पाणी वीस-एकवीस अंशांपर्यंत तापलेलं असतं. पोहायला झकास, पण चिनूक सामन या माशाला ते मानवत नाही. त्याला दहा ते तेरा अंशांचं पाणी लागतं, आणि ते या दिवसांत साठ, ऐंशी, कधी शंभर फूट खाली गेलेलं असतं. तुमच्याकडे आमिष काय, तर बोटभर लांबीचा पातळ पत्र्याचा चमचा, ज्याला इथे सगळे स्पून म्हणतात. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. तो साठ फुटांवर न्यायचा, तिथेच राखायचा, आणि वर बोट मात्र ताशी अडीच मैलांनी, म्हणजे माणूस सहज चालतो त्या वेगानं, चालूच ठेवायची. बोट चालली की स्पून वर येणार. थांबवली तर तो लचकणं बंद करून नुसता लोंबकळणार, आणि मग सामन त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

पटकन सुचणारा उपाय म्हणजे दोरीलाच शिसं बांधणं. अर्धा-एक किलो शिसं बांधलं की आमिष खाली जातंही. पण मासा लागल्यावर हाताला कळतं ते शिशाचं ओझं, माशाची ओढ नव्हे. शिवाय मासा डोकं झटकतो तेव्हा तेच शिसं हिंदकळून गळ निसटायला मदत करतं. डाउनरिगरची कल्पना एवढीच, की वजन वेगळ्या तारेला बांधायचं आणि मासेमारीची दोरी त्या वजनापाशी नुसती चिमट्यात धरून ठेवायची. मासा लागला की चिमटा सुटतो. मग दोरीच्या एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला तुम्ही, मध्ये कोणी नाही.

चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग. मालवण-गोव्याकडची हौशी मंडळी सुरमईसाठी तेच करतात. पण सुरमई बहुतेक वेळा वरच्या थरात येऊन झडप घालते, त्यामुळे तिथे एवढ्या उपद्व्यापाची गरज सहसा पडत नाही. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवर, म्हणजे लेक मिशिगनसारख्या प्रचंड तळ्यांवर, पडते.

खरं तर चिनूक किंवा कोहो सामन हा या तळ्यांमधला मूळचा मासाच नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेसुमार मासेमारीनं आणि लॅम्प्रे नावाच्या, माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या जीवानं इथले लेक ट्राउट जवळजवळ संपवले. शिकारी गेल्यावर एलवाइफ या तारलीच्या नात्यातल्या छोट्या परक्या माशाचं उदंड पीक आलं. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे किनाऱ्यावर ढीग लागले होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ च्या वसंतात, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागातल्या हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांच्या पुढाकारानं कोहो सामनची पिल्लं नद्यांमध्ये सोडली गेली, आणि १९६७ मध्ये चिनूकची. एलवाइफ खाऊन खाऊन कोहो असे पोसले, की १९६७ च्या शरद ऋतूत लेक मिशिगनच्या काठी हौशी मासेमारांची झुंबड उडाली. पॅसिफिक किनाऱ्यावरचे व्यावसायिक मच्छीमार बोटीवरच्या रहाटावरून जाड तार आणि शिशाचे जड गोळे सोडत आणि त्या तारेलाच गळ जोडत. हौशी माणसाला मात्र रॉडवर माशाशी झुंजायचं असतं. म्हणून त्याच्या यंत्रात सगळं महत्त्व आहे ते त्या सुटणाऱ्या चिमट्याला.

आज शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट किंवा टोरांटोच्या आसपास राहणारी मराठी मंडळी उन्हाळ्यात पाहुणे आले की चार्टर बोट घेतात. तिथे कप्तान आणि त्याचा मदतनीस सगळं लावून देतात, आपण फक्त रीळ फिरवायचं. मासा मिळतो, फोटो मिळतो, पण मागे काय चाललंय ते काही कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि स्वतःची छोटी बोट घेऊन आता पुढे काय असा प्रश्न पडलेल्यांसाठीही.

सामान

बोटीच्या काठावर किंवा मागच्या बाजूला एक रहाट बसवलेला असतो. त्यातून पाण्यावर झुकलेला दांडा, टोकाला कप्पी. रहाटावर साधारण दीडशे पौंड ताण सोसणारी स्टीलची बारीक तार, आणि किती फूट तार गेली ते सांगणारा काउंटर. तारेच्या टोकाला आठ ते बारा पौंडांचा शिशाचा गोळा. काही गोळ्यांना मागे शेपटीसारखं पातं असतं, त्यामुळे ते पाण्यात गरगरत नाहीत. स्कॉटी, कॅनन, बिग जॉन ही दुकानात दिसणारी नावं. हातानं फिरवायचे स्वस्त, विजेवरचे महाग. ऐंशी फुटांवरून बारा पौंडी गोळा दिवसभरात पुन्हा पुन्हा हातानं वर काढून बघा, विजेच्या यंत्राची किंमत मग फारशी खुपत नाही.

रॉड साडेआठ-नऊ फुटी, मऊ, चांगला वाकणारा. रिळावर वीस ते तीस पौंडांची तंगूसाची दोरी, आणि रिळालाही दोरी मोजणारा काउंटर असेल तर फार सोय होते. दोरीच्या टोकाला बॉल-बेअरिंगचं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, कारण स्पून आणि फ्लॅशर नावाची चकचकीत पट्टी पाण्यात फिरतात आणि स्विव्हल अडकलं तर तासाभरात दोरीला असा पीळ बसतो की ती टाकूनच द्यावी लागते.

उरला चिमटा. सर्वांत जास्त वापरात असलेल्या प्रकारात दोन छोट्या रबरी गाद्या स्प्रिंगनं एकमेकींवर दाबलेल्या असतात, थेट कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारख्या. हातभर तारेनं किंवा दोरीनं तो गोळ्याला जोडलेला असतो. दोरी गाद्यांमध्ये जितकी आत सरकवाल तितकी पकड घट्ट, कडेला ठेवाल तितकी सैल. दुसऱ्या प्रकारात स्क्रू फिरवून ताण ठरवता येतो. नवख्यानं गादीवाला घ्यावा. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

दोरी लावताना

बोट सरळ रेषेत, ठरलेल्या वेगानं चालू हवी. आधी आमिष बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघायचं. स्पून डावी-उजवीकडे लचकत चालला पाहिजे. गोल गोल फिरत असेल तर वेग जास्त आहे. मग तो मागे सोडायचा, समजा वीस फूट. काउंटर असेल तर आकडा बघायचा, नसेल तर दर वेळी सारखीच वाव मोजून दोरी सोडायची. हे अंतर म्हणजे लीड: चिमट्यापासून आमिषापर्यंतची दोरी.

आता रॉडच्या टोकापाशी दोरी हातात घेऊन चिमट्यात धरायची. ही जागा निसटू द्यायची नाही, नाहीतर वीस फुटांचे सत्तावीस होतात आणि कशामुळे मासा लागला ते नंतर सांगता येत नाही. रिळाचा अडसर मोकळा करायचा, पण अंगठा रिळावर हलका दाबून ठेवायचा, आणि दुसऱ्या माणसानं गोळा सावकाश खाली सोडायचा. घाई केली तर स्पून उलटा मागे येऊन स्वतःच्याच दोरीला अडकतो. अंगठा अजिबात लावला नाही तर रिळावर असा गुंता होतो की सकाळचा सगळ्यात चांगला अर्धा तास तो सोडवण्यात जातो, आणि नेमका त्याच अर्ध्या तासात शेजारच्या बोटीवर आरडाओरडा चालू असतो.

काउंटरवर साठ आले की गोळा थांबवायचा, रॉड होल्डरमध्ये ठेवायचा आणि रीळ फिरवत दोरी ताणत न्यायची. रॉडचं टोक पाण्याकडे चांगलं वाकलं पाहिजे, धनुष्यासारखं. नवखे लोक इथे घाबरतात, चिमटा सुटेल म्हणून रॉड अर्धवट वाकवून सोडतात. तो पूर्ण वाकवायचा असतो, आणि त्यामागे साधी भूमिती आहे.

ढील येते कुठून

गोळा साठ फूट खाली. आमिष त्याच्या वीस फूट मागे. रॉडपासून दोरी आधी सरळ खाली जाते, साठ फूट, मग काटकोनात वळून मागे वीस. एकूण ऐंशी फूट. मासा लागला, चिमटा सुटला. आता काटकोन राहिला नाही, दोरी रॉडपासून माशापर्यंत थेट तिरकी झाली. पायथागोरस शाळेत शिकलेला असतोच: साठचा वर्ग अधिक वीसचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, साधारण त्रेसष्ट. म्हणजे ऐंशी फूट दोरी बाहेर आहे आणि अंतर त्रेसष्ट फुटांचं. सतरा फूट दोरी क्षणात ढिली पडली.

सामनला गळ झटकायला ही ढील पुरेशी आहे. म्हणून तीन गोष्टी तिला खायला बसवलेल्या असतात. पहिला तो वाकलेला रॉड: चिमटा सुटताच तो ताडकन सरळ होतो आणि काही फूट दोरी वर खेचून घेतो. दुसरी चालती बोट: ताशी अडीच मैल म्हणजे सेकंदाला साडेतीन फुटांहून जास्त. त्यामुळे मासा लागल्याबरोबर इंजिन बंद करायची जी ऊर्मी येते ती आवरायची. तिसरे तुम्ही: रॉड हातात घेऊन आधी झटका न देता भराभर रीळ फिरवायचं, ओझं जाणवेपर्यंत.

हेच गणित लीड वाढवून करून बघा. गोळा साठ फुटांवरच, पण आमिष शंभर फूट मागे. दोरी एकशे साठ, थेट अंतर एकशे सतरा. ढील त्रेचाळीस फूट! मासा लागतो, पण हाताशी येईपर्यंत सुटतो, आणि माणूस गळाला दोष देतो. उलट लीड दहा फूट ठेवली तर ढील जेमतेम नऊ.

मग लीड नेहमी कमीच का ठेवत नाहीत? कारण मासा उथळ असेल तर तो बोटीला बिचकतो. एप्रिल-मे मध्ये शिकागो आणि मिशिगन सिटीच्या किनाऱ्याजवळ कोहो अगदी वरच्या थरात असतात. तिथे गोळा दहा-पंधरा फुटांवर आणि लीड पन्नास ते शंभर फूट. गोळा इतका वर असेल तर ढीलही आटोक्यात राहते. पंधरा फूट खोली आणि ऐंशी फूट लीडला ती साधारण चौदा फुटांची भरते. उन्हाळ्यात ऐंशी फुटांवर मात्र बोट कोसो दूर असल्यासारखी, तिथे दहा ते पंचवीस फूट लीड भरपूर. फ्लॅशर, म्हणजे पाण्यात गिरक्या घेणारी लांबट चकचकीत पट्टी, लावली असेल तर ती गोळ्यामागे दहा-वीस फुटांवर आणि तिच्यामागे दोन-तीन वितींच्या दोरीवर फ्लाय. झिरमिळ्यांची ही फ्लाय स्वतः काही करत नाही, तिला नाचवते ती फ्लॅशर. मधली दोरी आखूड केली की झटके जोरात बसतात.

किती घट्ट, किती सैल

चिमट्याची पकड, रिळाचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटावी ते ठरवणारा ब्रेक) आणि दोरीची ताकद, या तिघांचा क्रम ठरलेला आहे. चिमटा सर्वांत आधी सुटला पाहिजे, त्याहून जास्त ओढीला ड्रॅगनं दोरी सोडली पाहिजे, आणि दोरी तुटायची वेळ कधी येता कामा नये. ड्रॅग फार सैल असेल तर रॉड वाकलेला राहतच नाही, क्लिक-क्लिक करत दोरी सुटत राहते. फार आवळला असेल तर वीस पौंडी चिनूकच्या पहिल्याच धावेत काम तमाम.

चिमट्याची पकड डेकवरच तपासता येते. दोरी लावा, आमिषाच्या बाजूनं हातानं ओढा. एक ते दोन किलोच्या ओढीला सुटायला हवी. गळ रुतवण्याचं पहिलं काम हा चिमटाच करतो हे लक्षात घ्या: मासा झडप घालतो तेव्हा तो दहा पौंडी गोळ्याच्या विरुद्ध ओढत असतो. फार सैल चिमट्यात गळ नीट रुतायच्या आतच दोरी मोकळी होते. फार घट्ट चिमट्यात दीड पौंडाचं पिल्लू अडकून तासभर फरफटत जातं आणि वर पत्ताच नसतो. अशा वेळी रॉडचं टोक नेहमीच्या लयीपेक्षा वेगळं, बारीक थरथरताना दिसतं. रॉडकडे बघत बसणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते कोणीतरी करायला लागतं.

लाटा मोठ्या असतील तर बोटीच्या हेलकाव्यानंच चिमटा सुटतो, तेव्हा दोरी थोडी आत सरकवा. खोली वाढली तरी तसंच, कारण रॉड आणि गोळा यांच्यामधल्या लांब दोरीलाच पाणी ओढत असतं. सरळ विणीव दोरी, म्हणजे ब्रेड, वापरत असाल तर ती गुळगुळीत आणि बारीक असल्यानं रबरी गादीतून सरकत राहते. दोरीचा छोटा फास करून त्याला चार-पाच पीळ देऊन तो पीळ चिमट्यात धरतात. माझं म्हणाल तर डाउनरिगरवर तंगूसच बरं. त्याची थोडी ताणली जायची खोड इथे कामी येते.

काउंटर सांगतो ती खोली खरी नव्हे

बोट चालत असताना तार सरळ खाली जात नाही, मागे तिरकी होते. काउंटर तारेची लांबी सांगतो, खोली नाही. शंभर फूट तार वीस अंश तिरकी असेल तर गोळा साधारण चौऱ्याण्णव फुटांवर, तीस अंशांना सत्त्याऐंशीवर. प्रत्यक्षात तार पाण्यात किंचित बाक घेते, वरच्या टोकाला जास्त तिरकी आणि गोळ्याजवळ जास्त उभी, त्यामुळे गोळा या हिशोबापेक्षा थोडा खालीच असतो. आठऐवजी बारा पौंडी गोळा घेतला की कोन कमी होतो. सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, असेल आणि त्याचा झोत पुरेसा रुंद असेल तर पडद्यावर गोळ्याची रेघच दिसते, मग हिशोब करायचीही गरज नाही.

हा कोन आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. जीपीएसवरचा वेग जमिनीच्या हिशोबानं असतो. माशाला कळतो तो साठ फूट खालच्या पाण्यातला वेग, आणि तिथे प्रवाह वेगळ्याच दिशेनं वाहत असू शकतो. उत्तरेकडे अडीच मैलांनी जाताना तार तीस अंश तिरकी आणि दक्षिणेकडे त्याच वेगानं पंधराच, असं दिसलं तर खाली प्रवाह दक्षिणेकडे आहे. उत्तरेकडे जाताना तुमचा स्पून भरधाव सुटलाय, दक्षिणेकडे जाताना रेंगाळतोय. कोन सारखा ठेवायचा, जीपीएसचा आकडा नव्हे. पैसे असतील तर गोळ्यापाशी लावायचं वेग आणि तापमान मोजणारं यंत्र मिळतं. स्पूनच्या रंगावर वाद घालत बसणाऱ्यांनी त्याच पैशात ते घ्यावं.

तापमानाचंही तसंच. काल साठ फुटांवर असलेला थंड थर आज तिथेच असेल असं नाही. विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावर पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा दोन दिवस वाहिला की वरचं गरम पाणी तळ्याच्या आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी किनाऱ्यापाशी वर येतं. कालचा आकडा धरून बसलेला माणूस मग माशाच्या खालून आमिष नेत राहतो, आणि सामन खाली बघून शिकार करत नाही, वर बघून करतो. म्हणून शंका असेल तर आमिष थोडं वरच ठेवावं.

एका तारेवर दोन आमिषं

पहिली दोरी लावून गोळा दहा-वीस फूट खाली गेला की तिथे तारेलाच दुसरा चिमटा लावून दुसऱ्या रॉडची दोरी धरता येते. याला स्टॅकिंग म्हणतात. वरच्या दोरीची लीड खालच्यापेक्षा कमी ठेवा, म्हणजे गुंता कमी. दुसरा मार्ग स्लायडरचा: पाच-सहा फूट दोरीच्या एका टोकाला स्पून, दुसऱ्या टोकाला स्नॅप-स्विव्हल, आणि ते स्विव्हल लावलेल्या मुख्य दोरीत नुसतं अडकवून पाण्यात सोडून द्यायचं. ते घरंगळत दोरीच्या बाकापर्यंत जाऊन थांबतं, कुठेतरी मधल्या खोलीवर. मासा लागला की आधी चिमटा तुम्हीच रॉड हिसडून सोडवायचा, मग स्लायडर सरकत खालच्या आमिषापर्यंत जातो आणि तिथे ताण येतो. मधल्या काळात बरेच मासे सुटतात, पण फुकटचं आमिष म्हणून लोक लावतातच. एका माणसाला किती दोऱ्या आणि किती गळ चालतात ते प्रत्येक राज्याचं आणि ओंटारिओचं वेगळं असतं. त्या वर्षीची नियमावली बघूनच लावा.

लेक ओंटारिओवर ऑगस्टमध्ये आणखी एक ताप असतो: काटेरी शेपटीचे पाणपिसू. हे परके इवलेसे जीव दोरीवर कापसासारखे जमतात आणि रॉडच्या टोकाच्या कडीत अडकून रीळच फिरू देत नाहीत. तीस पौंडी जाड दोरीवर ते कमी चिकटतात, म्हणून तिथे बारीक दोरीचा आग्रह धरू नये.

मासा वर येऊ लागला की दुसऱ्या कोणी तरी त्या बाजूचा गोळा वर घ्यायचा. बोटीजवळ चिनूक गोल फिरतो, आणि ताणलेली दोरी स्टीलच्या तारेला घासली की तुटलीच म्हणून समजा. गोळा घाईनं बोटीत ओढायचा नाही, पाण्याच्या पातळीवर थांबवायचा. लोंबकळता बारा पौंडी गोळा लाटेबरोबर बोटीवर आपटतो, किंवा कुणाच्या तरी गुडघ्यावर. आणि त्याच दोरीला आमिष पुन्हा लावण्याआधी चिमट्यात धरलेली जागा दोन बोटांच्या नखांमधून सरकवून बघा. खरखरीत किंवा चपटी लागली तर तेवढी दोरी कापून टाका आणि गाठ नव्यानं मारा.